मदत हवी आहे: गणित नसताना अर्थशास्त्र घ्यावं का?

भाची बारावी कॉमर्स, गणित सोडलेलं. नाशिकमध्येच बीए अर्थशास्त्र की पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटची बीएस्सी, यावर घरात खल चाललाय. प्रवेशापेक्षा पुढचीच काळजी जास्त. आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा अर्थशास्त्राचा पेपर द्यायचा तर गणितातलं डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी यायलाच हवं; नुसत्या मागणी-पुरवठ्याच्या व्याख्यांवर तिथे निभाव लागत नाही. भारतीय आर्थिक सेवेला तर पदव्युत्तर पदवीच लागते, बीएवर भागत नाही.

बीए करताकरता अकरावी-बारावीचं गणित आणि स्टॅट्स (संख्याशास्त्र) उरकता येतं का? आधी काय, कॅल्क्युलस की स्टॅट्स? नाशिकला कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे हे शिकवणारं कोणी आहे का? आणि एमए न करता डेटाच्या कामाकडे वळलेल्यांनो, एक्सेलनंतर प्रोग्रामिंगसाठी ‘आर’ शिकलात की पायथन, तेही सांगा.