माळ्यावरचं जनावर पाइन मार्टेन आहे का?

केळीवाला_रावेर
रामराम मंडळी. बागेला लागून आमचं जुनं कौलारू घर आहे. पोळ्यापासून माळ्यावर रात्री नुसती धडधड. परवा बॅटरी मारली तर लांब शेपटीचं काळपट जनावर आढ्यावरून सुळकन पसार झालं. पोराने मोबाईलवर बघून 'पाइन मार्टेन' ठरवून टाकलं. शेजारचे काका म्हणतात, केळ्यात औषध घाल, विषय संपव. बागेतही अर्धी खाल्लेली केळी सापडतात. काय करू?

भुसावळ_जंक्शन
पोराला म्हणा, पाइन मार्टेन म्हणजे झाडावर चढणारं मांजराएवढं जनावर, ते युरोपात राहतं. रावेरला यायचं तर रिझर्वेशन लागेल 😄

सातपुडा_पायी
दादा, तोंडावर काळा मुखवटा आणि पाठीवर गडद रेघा दिसल्या का? मग ते उदमांजर. पाइन मार्टेनच्या गळ्याखाली मलईच्या रंगाचा पट्टा असतो. मार्टेनचे भाऊबंद आपल्या देशात आहेत, पण हिमालयात. एक नीलगिरी मार्टेन तेवढा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात. सातपुड्यात कुणी नाही.

खात्री हवी असेल तर सकाळी भिंतीवर, दगडावर त्याची विष्ठा शोधा. यावलच्या जंगलात मला नाल्याकाठी सापडते ती शिंदीच्या बियांनी भरलेली, बिया धुतल्यासारख्या अख्ख्या, मधूनच उंदराचे केस. त्या बिया पुढे रुजतात, म्हणजे फुकटची लागवडच.

आता केळीचं बोलू. तुमचा माल व्यापारी हिरवाच कापून नेतो. उदमांजराला लागतं पिकलेलं. म्हणजे ते खातं ते घडावर पिकून राहिलेलं, ज्याला तसाही भाव नाही. उलट ठिबकच्या नळ्या कुरतडणारे उंदीर ते खातं, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही!

औषधाचं तर नावच काढू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, गुन्हा होईल. आणि ते केळ घरचं कुत्रं खाणार नाही कशावरून? पोराला पाइन मार्टेनचं एवढं वेड आहे तर त्याचीच गोष्ट सांगा. हौशी शिकारीसाठी राखलेले पक्षी खातो म्हणून ब्रिटनमध्ये त्याला सापळे लावून, गोळ्या घालून मारलं. इंग्लंड-वेल्समधून तो जवळजवळ संपला. संरक्षण मिळालं 1988 मध्ये. मग 2015 ते 2017 या काळात स्कॉटलंडहून 51 जनावरं आणून वेल्समध्ये सोडावी लागली. आयर्लंडमध्ये तो परतला तिथे बाहेरून आलेल्या करड्या खारी घटल्या आणि मूळच्या लाल खारी पुन्हा दिसू लागल्या.

केळीवाला_रावेर
रेघा होत्या बरं का, पोराने व्हिडिओ थांबवून दाखवल्या. काकांना समजावतो. पण माळ्यावर भुईमूग आणि बियाणं ठेवलंय, त्याचं काय? खुराड्यात कोंबड्याही आहेत.

सातपुडा_पायी
शेंगा कोठीत किंवा पत्र्याच्या डब्यात टाका, त्या उंदरांपासूनही वाचतील. खुराड्याला बारीक जाळी मारा, दार रात्री कडी लावून बंद. कोंबडीचं पिल्लू समोर आलं तर उदमांजर सोडत नाही, हे खरं. माळा रिकामा करायचाच असेल तर आधी दिवसा त्याची पिलं आहेत का बघा. असतील तर ती हिंडू लागेपर्यंत थांबा. नसतील तर अंधार पडल्यावर ते चरायला बाहेर गेलं की कौलातली फट बुजवा. दिवसा बुजवलीत तर आत अडकेल आणि कौलं फोडेल.

भुसावळ_जंक्शन
व्हिडिओ इथे टाका की, आम्हालाही बघू द्या.