मदत हवी आहे : 'द फनहाऊस' (१९८१) मधील तीन पुकारेवाल्यांविषयी

दिग्दर्शक टोबी हूपर यांचा 'द फनहाऊस' हा भयपट अलीकडे पुन्हा पाहिला आणि आरंभीच्या स्लॅशरपटांच्या (एकामागून एक खून करत जाणाऱ्या मारेकऱ्याच्या भयपटांच्या) गर्दीत त्याला मागे ठेवणे अन्यायाचे आहे, असे मनापासून वाटले. अमेरिकेतील फिरत्या जत्रेतल्या भुताच्या घरात रात्रभर लपून राहिलेली चार तरुण मुले फळ्यांच्या फटीतून एक खून पाहतात, एवढेच कथानक. परंतु छायालेखक अँड्र्यू लॅझ्लो यांच्या रुंद चौकटीत रंगीत दिव्यांमागचा अंधार ज्या सावकाशीने पसरत जातो, ती सावकाशी मला कोणत्याही रक्तपातापेक्षा अधिक भयकारक वाटते. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा मुखवटा घालून वावरणाऱ्या गुंथरची तर भीतीइतकीच कणवही येते.

माझा प्रश्न असा, की तंबूंबाहेर ओरडून प्रेक्षक बोलावणारे तिन्ही पुकारेवाले केव्हिन कॉन्वे या एकाच नटाने साकारले आहेत. त्यांपैकी एक गुंथरचा बाप आहे. ही निवड केवळ सोयीची, की सारी जत्रा एकाच कुळाची आहे असे सुचवणारी? मला दुसरी शक्यता पटते, मात्र पटकथेतून तिला आधार देणारे प्रसंग कोणाच्या लक्षात आले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. तसेच, मूळची रुंद चौकट न कापता दाखवणारी चांगली आवृत्ती कोणती, हेही जाणकारांनी सांगावे.