जुन्या कादंबऱ्या पुन्हा वाचूनच ठरवायचं का, कोणती ठेवायची?

खिडकीतली
जूनमध्ये आम्ही दोन खोल्यांच्या घरात राहायला जातोय. पुस्तकांचं एकच कपाट सोबत येईल, म्हणजे दोनशेच्या आसपास पुस्तकं. आत्ता साडेपाचशे आहेत, निम्म्याहून जास्त कादंबऱ्या. दिवाळीपासून एक नियम धरलाय. प्रत्येक कादंबरी पुन्हा वाचायची आणि आज आवडली तरच ठेवायची. लेखकाचं नाव, पुरस्कार, लहानपणीचं प्रेम, काही मध्ये आणायचं नाही.

एकोणतीस झाल्या. 'मृत्युंजय' (१९६७) अकरावीच्या सुट्टीत तीन दिवसांत संपवली होती, आई जेवायला हाका मारून थकायची. या वेळी अर्ध्यावर थांबले. सहा जणांनी आपापल्या तोंडून कथा सांगायची ही रचना आजही मोठी वाटते. पण कर्ण, कुंती, दुर्योधन तिघंही मला एकाच आवाजात बोलताना ऐकू आले, तीच उपमांची रांग. नाव झाकून एक परिच्छेद वाचला तर कोण बोलतंय ते सांगता येईना. काढायच्या ढिगात गेली.

उलट 'बनगरवाडी' (१९५५). धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर. शाळेत असताना वाटलं होतं, यात काही घडतच नाही. आता दुष्काळात वाडी उठते ती पानं दोनदा वाचली. माडगूळकर रडत नाहीत, आपल्याला रडवायलाही जात नाहीत. माणसं निघून जातात, एवढंच. मला रात्री झोप लागली नाही. ठेवली.

तुम्हाला हा नियम पटतो का?

सीनाकाठ
ताई, नाही पटला. 'मृत्युंजय' मी आधी ऐकली, वाचली फार नंतर. आमचे आण्णा रात्री ओसरीवर मोठ्यानं वाचायचे, शेजारची चार घरं येऊन बसायची. ती भाषा पोथीच्या, कीर्तनाच्या जवळची आहे, कानासाठी आहे. एकटीनं मुकाट्यानं वाचली तर उपमा जड होणारच.

आणि ऐकणारे कोण होते तेही बघा. आखाड्यात कर्णाला कूळ विचारतात, त्या जागी आण्णा थांबायचे. ओसरीवरच्या बऱ्याच जणांना कुठं ना कुठं जात विचारून अडवलेलं होतं. कुणी बोलायचं नाही. कंदिलाची वात वर करायची म्हणून कुणीतरी उठायचं, तेवढीच हालचाल. त्या पुस्तकानं आमच्या ओसरीवर जे केलं ते तुमच्या आजच्या आवडीनिवडीवर कसं मोजणार?

खिडकीतली
ऐकण्याचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, मनापासून सांगते. पण तो मान पुस्तकाचा झाला. माझ्या कपाटात ते पुढची वीस वर्षं न उघडता उभं राहिलं तर त्यात कसला मान? ज्याच्या हातात ते उघडलं जाईल त्याच्याकडे जावं.

तिसरा मजला
मी नियमाच्या बाजूनं आहे, पण त्यातली एक खोच दाखवतो. पुन्हा वाचायला बारीक पुस्तकं सोपी. 'बनगरवाडी' एका रविवारी होते. सातशे पानांची कादंबरी नोकरी सांभाळून वाचताना कंटाळा पुस्तकाचा आला की दिवसभराचा, कळत नाही. जाड पुस्तकं सुट्टीत वाचा आणि मग निकाल द्या.

पुन्हा वाचलंच पाहिजे असं मात्र ठाम वाटतं. 'रणांगण' घ्या. हिटलरच्या जर्मनीतून घालवलेले ज्यू आणि मुंबईला परतणारा चक्रधर एकाच बोटीवर. कॉलेजात मी ती चक्रधर आणि हॅर्टाची प्रेमकथा म्हणून वाचली. गेल्या वर्षी पुन्हा वाचताना प्रकाशनाचं साल पाहिलं: १९३९. त्या माणसांच्या मागे राहिलेल्यांचं पुढे काय होणार होतं, ते बेडेकरांना लिहिताना ठाऊक असणं शक्य नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे. डेकवरची साधी बोलणीसुद्धा मग वाचवत नाहीत. ते पुस्तक नुसतं जपून ठेवलं असतं तर मला हे कधीच कळलं नसतं.

बदलीवाला
माझा अनुभव खिडकीतली यांच्या विरुद्ध जातो, आणि तोही पुनर्वाचनाचाच आहे. मी सांगलीकडचा. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) पहिल्यांदा वाचली तेव्हा 'मले', 'तुले', 'कायले' यांवर अडखळायचो, संवाद गाळून पुढे जायचो. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हाही सोडली. तुमच्या नियमानं ती तेव्हाच रद्दीत गेली असती. मग अमरावती जिल्ह्यात सहा वर्षं नोकरी झाली. घरमालकीण सकाळी अंगणात सुनेशी बोलायची ते रोज कानावर पडायचं. तिसऱ्यांदा 'धग' उघडली तर कौतिक त्याच आवाजात बोलत होती. संसार सावरायला ती नवऱ्याशी, दारिद्र्याशी जे झुंजते ते सगळं त्या संवादांतच आहे, आणि मी नेमके तेच गाळले होते.

आज नाही आवडली, एवढ्यावर पुस्तक घराबाहेर काढू नका. कमी आपल्यात असू शकते.

खिडकीतली
पण मग कुठलंच पुस्तक कधीच काढता येणार नाही! साडेपाचशेचं काय करू?

वाचनालयातली
मी तालुक्याच्या गावी वाचनालयात काम करते, म्हणून रोज दिसतं ते सांगते. घरं बदलणारे लोक पोती भरून पुस्तकं आणतात. त्यात त्याच त्या गाजलेल्या कादंबऱ्या असतात, आमच्याकडे आधीच तीन-तीन प्रती असलेल्या. त्या घेऊन आम्ही ठेवायच्या कुठे? आणि जी पुस्तकं पुन्हा छापलीच गेली नाहीत ती लोकांनी आधीच किलोवर घातलेली असतात, कारण नाव ओळखीचं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं.

ताई, 'मृत्युंजय', 'बनगरवाडी' उद्या दुकानात मिळतील. बिनधास्त द्या. नाव न ऐकलेल्या लेखकाची, एकच आवृत्ती निघालेली, प्रकाशन बंद पडलेली कादंबरी असेल तर ती आवडो न आवडो, आधी बाजूला काढा आणि मोठ्या ग्रंथसंग्रहालयात विचारा. कागदही बघा. जुन्या स्वस्त कागदातलं आम्ल त्याला आतून खात असतं, दुमडलेला कोपरा तुटून हातात येतो. अशा प्रतीला पुन्हा वाचायला दहा वर्षं मिळतीलच असं नाही.

खिडकीतली
काल रात्री सगळ्यांची पहिली पानं उघडून आवृत्त्या पाहिल्या. अकरा पुस्तकं अशी निघाली की ज्यांची नावं मी कधी कुणाच्या तोंडी ऐकली नाहीत. ती न वाचताच बाजूला ठेवलीत. बाकीच्यांना माझा नियम तसाच राहणार. बदलीवाले, तुमचं पटतं, पण दोनशेच्या पुढे भिंतच नाही.

सीनाकाठ, 'मृत्युंजय' तुम्हाला पाठवू का?

सीनाकाठ
पाठवा. आमच्या प्रतीची सुरुवातीची चाळीस पानं वाळवीनं खाल्ली आहेत. पण पाठवण्याआधी आखाड्याचा तो भाग घरात एकदा मोठ्यानं वाचा, कुणाला तरी समोर बसवून. पोस्टाचा खर्च मी देतो.