लोकलमध्ये पॅनिक अटॅक येतो, स्वतः काय करता येईल?

गोराईवाली:
रोज बोरिवली ते दादर जाते. गेल्या तीन महिन्यांत चार वेळा झालंय, येताना फास्टने अंधेरी सोडली की ती डायरेक्ट बोरिवलीलाच थांबते ना, नेमकं त्याच टप्प्यात छातीत धडधड, हात गार, ओठांभोवती मुंग्या आणि आता आपण इथेच जाणार असं वाटतं. पहिल्या वेळी डब्यातल्या बायकांनी जागा दिली, एकीने चिंचेची गोळी हातात कोंबली. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, झालं, त्याचंच टेन्शन. आता स्लोनेच जाते, तेही दाराजवळ उभी राहून, आणि पाण्याची बाटली विसरले तर स्टेशनवरून घरी परत. आई म्हणते दृष्ट लागली. गोळ्यांना नाही म्हणत नाहीये, पण आधी आपलं आपण काही करता येतं का?

सह्यकडा:
रोज सकाळी कपालभाती करा ताई, सगळे मनाचे खेळ असतात. मोबाइल कमी करा.

चहा_सोडलेला:
दादा, सकाळी घरी काय करायचं ते करा, पण अटॅक आल्यावर कपालभाती अजिबात नको. भीतीने आपण आधीच भराभर श्वास घेत असतो, त्यात कार्बन डायऑक्साइड नको तेवढा बाहेर पडतो आणि मुंग्या, चक्कर त्यानेच येते. आपल्याला वाटतं हवा कमी पडतेय, असतं उलटंच. गोराईवाली, मोठ्ठा खोल श्वास घेऊ नकोस, मनात चार मोजत हळू आत, सहा मोजत बाहेर, पोट हललं पाहिजे खांदे नाही. घरी शांत असताना रोज पाच मिनिटं सवय कर, ऐन गर्दीत पहिल्यांदा जमत नाही. आणि पिशवीत तोंड घालून श्वास घेतात तसलं काही नको, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर धोक्याचं आहे.
मी अटॅक आला की घड्याळ बघायचो. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला जातो आणि मग उतरतो, माझा तर बहुतेक वेळा त्याआधीच. दिवसाचे सात कटिंग व्हायचे माझे, तेही सोडले, फरक पडला.

माहेर_सातारा:
श्वासाचं बरोबर आहे, पण मला विचारशील तर तुझी खरी अडचण ती स्लो लोकल आहे. प्रत्येक वेळी फास्ट टाळलीस की मनाला कळतं, बघा, टाळली म्हणून वाचलो. बाटलीचंही तेच. माझं लिफ्टचं असंच होतं, सहा मजले चढायचे, वर लोकांना सांगायचे व्यायाम होतो :)
छोट्या पायऱ्या कर. आधी स्लोमध्येच दार सोडून आत बस. मग बाटली घरी ठेवून बोरिवली ते कांदिवली, एकच स्टेशन. मग रविवारी दुपारी रिकाम्या फास्टने अंधेरी. एकेक पायरी कंटाळा येईपर्यंत कर आणि भीती आली तरी मध्येच पळू नको, तिला उतरू दे. दहापैकी किती होती ते वहीत लिही.
कुणाची उरलेली झोपेची गोळी मात्र घेऊ नकोस, सवय लागते. रात्रीची झोपच उडाली किंवा घराबाहेर पडणंच बंद झालं तर सरळ सायकिॲट्रिस्टकडे जा, त्यात हार कसली. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

गोराईवाली:
दोन आठवड्यांनी लिहितेय. कांदिवली तीनदा केलं, तिसऱ्यांदा खरंच कंटाळा आला. काल रविवारी अंधेरीहून फास्ट पकडली. मालाडच्या आसपास सुरू झालं, आठ. चार आत, सहा बाहेर करत समोरच्या बाईची मेथी निवडणं बघत बसले, बोरिवली आली तेव्हा तीन होती. बाटली होती बरं का पर्समध्ये, पण उघडली नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, मी मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या परवा.