'डॉक्टर ऑफ फिलॉसफी'तली फिलॉसफी कोणती?

काजवा: भाचीला रसायनशास्त्रात पीएचडी मिळाली. सत्काराच्या पत्रिकेत मंडळी 'तत्त्वज्ञानाची डॉक्टर' असं छापायला निघालीत. मराठीत बरोबर काय? आणि रसायनात तत्त्वज्ञान आलं कुठून?

पारंबी: 'विद्यावाचस्पती' छापा. नाहीतर लोक तिला प्रवचनाला बोलावतील!

जुनं बाड: इथे फिलॉसफी हा विषय नव्हे, विद्याशाखा. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तीन शाखा. बाकीचं बहुतेक सगळं, म्हणजे गणित, निसर्गविद्या, भाषा, चौथ्या 'फिलॉसफी'त. जर्मनीत विज्ञानाची पहिली वेगळी शाखा निघाली ती ट्युबिंगेनला, १८६३ साली. लॉर्ड केल्विन ग्लासगोला १८४६ ते १८९९ भौतिकशास्त्रच शिकवत होते, पण पद होतं 'नॅचरल फिलॉसफी'च्या प्राध्यापकाचं. 'सायंटिस्ट' हा शब्दसुद्धा इंग्रज विद्वान विल्यम ह्यूएल यांनी १८३३-३४च्या सुमारास घडवलेला.

काजवा: म्हणजे वाटण्या झाल्या, आडनाव तेवढं राहिलं.

पारंबी: तेही नावापुरतंच. यूजीसीने २०१९च्या शेवटी पीएचडीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना संशोधननीतीचा ३० तासांचा अभ्यासक्रम लावला. त्यात 'तत्त्वज्ञान आणि नीती' या घटकाला तास किती? तीन! डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापं यांना सात. पुरावा कशाला म्हणायचं, एका प्रयोगाने सिद्धान्त पडतो का, हे प्रश्न प्रयोगशाळेत रोज उभे राहतात. त्यांना तीन तासांत उरकणं मला तरी पटत नाही.

खडूफळा: पण तत्त्वज्ञानवाले तरी प्रयोगशाळेत कुठे पाऊल टाकतात? त्यांनीही थोडं भौतिकशास्त्र शिकावं की.

पारंबी: शिकावंच. कबूल.

जुनं बाड: शब्दांकडे वळू या. आपल्याकडे 'शास्त्र' धर्मालाही लागतं, भौतिकालाही, त्यामुळे फाळणी शब्दात दिसत नाही. 'विज्ञान' तर पार उलटून आलाय. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ज्ञान वेगळं काढून प्रपंचाला विज्ञान म्हटलंय. ते ज्ञानाहून खालचं. आता विज्ञान वर चढून बसलंय.

खडूफळा: आमच्या लहानपणी भौतिकशास्त्राला 'पदार्थविज्ञान' म्हणायचे. त्यातला 'पदार्थ' दर्शनांतलाच ना?

जुनं बाड: हो, वैशेषिकांचा, म्हणजे जुन्या भारतीय दर्शनांपैकी (तत्त्वज्ञानांपैकी) एकाचा. पण त्यांच्या पदार्थांत द्रव्याबरोबर गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय (न तुटणारा संबंध) हेही येतात, पुढे अभावही. त्यांच्या नऊ द्रव्यांत काळ, दिशा, आत्मा आणि मन आहेत. पाठ्यपुस्तकातल्या 'द्रव्या'ला मात्र वस्तुमान लागतं आणि जागा व्यापावी लागते. तिथे आत्मा आणि मन दोघेही नापास.