एकच माणूस, तीन स्पेलिंगं. रेकॉर्ड जुळवायचे कसे?

नवशिक्या:
दोन जुन्या सिस्टीममधला डेटा एकत्र करतोय. एकीत दीपक डी-आय-पी-ए-के असा लिहिलाय, दुसरीत डबल ई टाकून, आणि त्याच दुसरीत आणखी एक रेकॉर्ड नुसता डी, टिंब, आडनाव असा. जन्मतारीख पाहिली तर तिन्ही एकच बहुतेक. साहेब म्हणतायत स्क्रिप्ट लिही आणि सगळी स्पेलिंगं एकसारखी करून टाक. मला हे खटकतंय पण त्यांना काय सांगू कळत नाहीये. साउंडेक्स (उच्चारावरून नावाला कोड देणारी पद्धत) लावू का?

जुना_खिळा:
ती स्क्रिप्ट चालवू नकोस बाबा, हात जोडतो. माणसानं नाव जसं दिलंय तसंच राहू दे, शोधायला शेजारी वेगळा कॉलम कर आणि टिंबं, स्पेस, कॅपिटल काय काढायचं ते त्यात काढ. साउंडेक्सचं म्हणशील तर त्याचं पेटंट १९१८ चं, म्हणजे कॉम्प्युटरच्याही आधीचं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर टाकून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांचे तीन आकडे. तुझ्या दोन्ही दीपकांचा कोड डी१२० येईल, खूश होशील. मग दीपिकाचा काढून बघ, तोही डी१२०! आणि विकास एकानं व्हीनं लिहिला, दुसऱ्यानं डब्ल्यूनं, तर कोड वेगळे, कारण पहिलं अक्षरच बदललं ना.

रात्रपाळी:
+१. कोडवरून फक्त संशयित जोड्या काढायच्या, निकाल माणसानं द्यायचा. आणि जन्मतारखेवरही फार विसंबू नका. आमच्याकडे जुळ्या बहिणी एकाच रेकॉर्डात गेल्या होत्या, आडनाव तेच, तारीख तीच, फोन घरचा एकच, नावाचं पहिलं अक्षरपण सेम, आणि ज्यानं मर्ज केलं त्यानं जुना आयडी डिलीटच मारलेला, मग कुठली नोंद कोणाची ते बॅकअप उघडून एकेक बघत बसलो. जुना आयडी ठेवा, त्याला नव्याकडे बोट दाखवायला लावा, म्हणजे चुकलं तर उलट फिरता येतं.

काना_मात्रा:
देवनागरीत नावं असतील तर अजून एक गंमत. कुऱ्हाडे आणि कुर्‍हाडे, स्क्रीनवर सारखेच दिसतात ना? एकात नुक्तावाला ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडणारं कॅरॅक्टर. सर्च एक टाकला की दुसरा सापडणार नाही. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेनं साठवलेलं असेल तर एका रूपात आणणं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत, त्या शोधाच्या कॉलमात स्वतः नियम लिहून एक करावे लागतात. मी यात अख्खा दिवस घालवलाय, डोळ्यांवर विश्वास ठेवला म्हणून.

नवशिक्या:
साहेबांना दीपक-दीपिकाचा एकच कोड दाखवला, दोन मिनिटं गप्प बसले आणि स्क्रिप्ट रद्द. वेगळा कॉलम केलाय. तो टिंबवाला डी मात्र अजून लटकलाय, उद्या फोन करून त्यालाच विचारतो.