प्रति: १ वर्षाचा शेंगेन व्हिसा, मग मोटरहोममध्ये ६ महिने का नाही?

काका, शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट; तिथे सलग ६ महिने राहता येत नाही. नाशिकहून तिकीट काढण्याआधी व्हिसाच्या स्टिकरवरची 'ड्युरेशन ऑफ स्टे' (राहायचे दिवस) ही ओळ बघा. मुदत वर्षाची असली तरी राहायचे दिवस जास्तीत जास्त ९०, तेही कुठल्याही १८० दिवसांत. प्रवेशाचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. १ एप्रिलला शिरलात तर २९ जूनला ९० संपले. परत प्रवेश २८ सप्टेंबरला. चार दिवस बाहेर जाऊन आलं की मीटर शून्यावर येतं, हा निव्वळ गैरसमज. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्येच, त्यामुळे ९० दिवस संपले की तिथे जाऊन राहायची जुनी पळवाटही बुजली. मधले महिने ब्रिटनमध्ये काढा, पण तिथला व्हिसा वेगळा. आणि गाडी भारतीय नंबरची असेल तर कस्टम्सची, म्हणजे परदेशी गाडी तिथे ठेवायची, मुदत निराळी मोजा.